छोट्या स्वतंत्र ब्राउझर गेमच्या रचनेची समीक्षा कशी करावी

‘उडी नीट लागत नाही.’ छोट्या ब्राउझर गेमविषयी बोलताना हे वाक्य इतक्या वेळा कानावर येते की निर्माते ते ऐकून सोडून देतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. कळ दाबल्यावर पात्र उशिरा उडते, की कड्याच्या अगदी टोकावर दाबलेली कळ वाया जाते, की उडी व्यवस्थित लागते पण समोरचा दगड दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान आहे, की कॅमेरा मागे रेंगाळल्यामुळे उतरायची जागाच दिसत नाही, यांपैकी काहीही त्या एका वाक्याच्या पोटात असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. खेळाडूला जे वाटले ते खरेच असते, परंतु ते का वाटले हे सांगणे त्याचे काम नाही. ते समीक्षकाचे काम आहे. तक्रार हाती घेऊन मागे मागे जायचे आणि ती ज्या नियमातून किंवा ज्या आकड्यातून उगवली तिथे बोट ठेवायचे, एवढीच या कामाची पद्धत आहे.

पहिली बैठक

गेम उघडण्याआधी त्याचे वर्णन, सूचना किंवा इतरांची मते वाचू नयेत. काहीही माहीत नसताना खेळण्याची संधी प्रत्येक गेममागे एकदाच मिळते, आणि ती सूचना वाचण्यात घालवली तर गेम स्वतःहून काय शिकवतो हे पुढे कधीच कळत नाही. पडद्याचे रेकॉर्डिंग सुरू करावे, शेजारी कागद ठेवावा आणि पहिल्या पाच मिनिटांत तीनच गोष्टी टिपाव्यात: मी काय केले, काय होईल असे मला वाटले होते, आणि काय झाले. ‘४० व्या सेकंदाला लाल चेंडूला स्पर्श केला, जीव वाढेल असे वाटले, मेलो’ ही उत्तम नोंद आहे. ‘रंगांची निवड वाईट’ ही नोंद नव्हे, निकाल आहे, आणि निकालाला अजून बराच अवकाश आहे. चेंडू लाल असणे चूक होते की आदल्या पडद्यावर जीव दाखवणारे हृदयही त्याच लाल रंगाचे होते हे रेकॉर्डिंग पुन्हा पाहिल्यावरच उलगडते.

ब्राउझरमध्ये पहिल्या मिनिटाला इतरत्र असते त्याहून अधिक वजन असते. खेळाडूने पैसे मोजलेले नसतात, काही डाउनलोड करून बसवलेले नसते, शेजारी दहा टॅब उघडे असतात आणि हा अकरावा बंद करताना काही गमावल्याची चुटपुट लागत नाही. म्हणून पान उघडल्यापासून खेळाडूच्या पहिल्या खऱ्या कृतीपर्यंत किती सेकंद गेले ते घड्याळ लावून मोजावे. लोडिंगची पट्टी, निर्मात्याचे बोधचिन्ह, मेनू, कथेचे तीन पडदे आणि कळांची यादी हे सगळे त्या हिशेबात धरावे. ‘सुरुवात संथ आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘पहिली उडी मारायला मला ७० सेकंद लागले, त्यांतले ३५ कथेचे होते आणि ती कथा मला वगळता आली नाही’ असे म्हटले की निर्मात्याला वाद घालायला जागा उरत नाही आणि काय छाटायचे तेही दिसते.

दुसऱ्या बैठकीत जिंकण्याच्या इराद्याने खेळावे आणि तिसरीत गेम मोडण्याच्या. मोडणे म्हणजे भिंतीला घासत चालणे, एकच कळ दाबून धरणे, शत्रूकडे पाठ करून उभे राहणे आणि मुख्य म्हणजे काहीच न करणे. काहीही न करता स्कोअर वाढत असेल, तर गेमने चांगला खेळाडू आणि झोपलेला खेळाडू यांत फरक केलेला नाही, आणि ही गोष्ट सरळ खेळणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. त्यानंतर जमल्यास दुसऱ्या कोणाला तरी खेळायला बसवावे आणि आपण मागे उभे राहून तोंड बंद ठेवावे. या सगळ्या उपक्रमात हेच सर्वांत अवघड आहे. समोरचा माणूस दरवाज्यापाशी तिसऱ्यांदा अडला की ‘अहो, वरची कळ दाबा’ हे शब्द ओठांवर येतातच. ते गिळावेत, कारण तो किती वेळ अडतो हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती असते.

गेमला काय साधायचे आहे

टिपणे हाती आली की एक वाक्य लिहावे: ‘हा गेम माझ्याकडून अमुक करवून घेऊ पाहतो.’ हे वाक्य जमेपर्यंत गुणदोषांकडे वळू नये. बेनेट फॉडी यांच्या २००८ च्या ‘क्वॉप’मध्ये धावपटूच्या मांड्या क्यू आणि डब्ल्यू या कळांनी, तर पोटऱ्या ओ आणि पी या कळांनी हलवाव्या लागतात आणि बहुतेक जण १०० मीटरच्या शर्यतीत पहिल्या काही पावलांतच तोंडावर आपटतात. या गेमला ‘नियंत्रण अवघड आहे’ असे म्हणणे म्हणजे कोड्याला ‘उत्तर आधीच छापलेले नाही’ असे म्हणण्यासारखे आहे. तिथे विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: पडल्यावर मला असे काही कळले का, ज्यामुळे पुढच्या वेळी पाय निराळे टाकावेसे वाटले? मायकेल टाउनसेंड यांचा २०१३ चा ‘अ डार्क रूम’ जवळजवळ रिकाम्या पानावर उघडतो. काही ओळींचा मजकूर आणि विस्तव पेटवण्याचे एक बटण, बस. पुढे एकेक बटण उगवत जाते आणि गेम आहे तरी केवढा, हा प्रश्नच खेळाडूला पुढे ओढत राहतो. ‘सुरुवातीला करायला काही नाही’ हे निरीक्षण इथे बरोबर आहे, पण तो दोष नाही. नवे बटण येणे हेच तिथले बक्षीस आहे, त्यामुळे ते बक्षीस योग्य वेळी येते का, एवढेच तपासायचे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हेतू ओळखणे म्हणजे प्रत्येक दोषाला हेतूचे पांघरूण घालणे नव्हे. ‘ते मुद्दामच तसे आहे’ हा बचाव तेव्हाच मान्य करावा जेव्हा गेमच्या इतर भागांतही त्या मुद्दामपणाची साक्ष मिळते.

गेम जॅममधून, म्हणजे ठरावीक मुदतीत गेम घडवण्याच्या उपक्रमातून, आलेल्या गेमबाबत मर्यादा माहीत करून घ्याव्यात. २००२ पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’मध्ये एकट्याने स्पर्धेत उतरणाऱ्याला ४८ तास मिळतात, ‘जेएस१३के गेम्स’ या स्पर्धेत संपूर्ण गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. १३ किलोबाइटच्या गेममध्ये चित्रे साधी आहेत अशी तक्रार करणे पोरकटपणाचे आहे. तरीही मर्यादेमुळे फक्त काय राहून गेले हे समजते. जे आत आहे ते नीट का बसले नाही, याचे उत्तर मर्यादेतून मिळतेच असे नाही. ४८ तासांपैकी चार तास मेनूच्या सजावटीवर खर्च झालेले दिसत असतील, तर तो रचनेतलाच निर्णय आहे आणि त्यावर बोलायला हरकत नसावी.

क्रियापदे आणि निर्णय

माझ्या मते समीक्षेचा गाभा इथे आहे. खेळाडू काय काय करू शकतो याची क्रियापदांत यादी करावी: चालतो, उडतो, ढकलतो, थांबतो. मग प्रत्येक क्रियापदापुढे एकच प्रश्न लिहावा: ही कृती केव्हा करू नये? ज्या कृतीला असे ‘केव्हा’ नाही, जी नेहमीच फायद्याची किंवा नेहमीच निरुपयोगी आहे, तिथे निर्णय नाही, फक्त हाताचा व्यायाम आहे. अ‍ॅडम सॉल्ट्समन यांच्या २००९ च्या ‘कॅनाबाल्ट’मध्ये धावणे आपोआप होते आणि खेळाडूच्या हाती उडी ही एकच कृती असते. वाटेतल्या पेटाऱ्यांना धडकले की वेग कमी होतो. वरवर पाहता ही शिक्षा आहे, पण वेग फार वाढला की इमारतींमधल्या उड्या सांभाळणे कठीण होते, त्यामुळे एखादा पेटारा जाणूनबुजून अंगावर घ्यावा का, हा प्रश्न उभा राहतो. एका कळेच्या गेममध्ये दुसरा निर्णय कुठून आला, तर उडी न मारण्याला किंमत मिळाल्यामुळे.

एक गेम कल्पून ही तपासणी शेवटपर्यंत करून पाहू. अंधाऱ्या तळघरात कंदील घेऊन बाहेरची वाट शोधायची आहे. कंदील मंद ठेवला तर दर पावलाला एक एकक तेल जळते आणि फक्त शेजारचे चौकोन दिसतात. मोठा केला तर दोन एकके जळतात आणि लांबवर दिसते. वाटेत तेलाचे डबे ठेवलेले आहेत. कागदावर हा गेम छान आहे: दिसणे आणि टिकणे यांतली ओढाताण. पण खेळणारे म्हणतात, ‘तिसऱ्या लेव्हलपासून कंटाळा येतो.’ आता कंटाळा हा शब्द धरून मागे जायचे. रेकॉर्डिंगमध्ये दिसते की तिसऱ्या लेव्हलमध्ये कोणीच डबा उचलायला जात नाही. का? डबा एका आडवाटेच्या टोकाला आहे. जाऊन परत यायला १४ पावले पडतात आणि डब्यात २० एकके तेल आहे. मंद कंदिलाने गेले तर १४ खर्च होऊन ६ उरतात, म्हणजे फायदा. मोठ्या कंदिलाने गेले तर २८ खर्च होतात, म्हणजे ८ एककांचा तोटा. परंतु मंद उजेडात तो डबा वाटेवरून दिसतच नाही. ज्याला डबा दिसतो त्याला तो परवडत नाही आणि ज्याला परवडतो त्याला तो दिसत नाही! मोठ्या उजेडात डबा पाहून कंदील मंद करणे हा तिसरा मार्ग आहे खरा, पण आपल्या कल्पित गेममध्ये ज्योत फक्त लेव्हलच्या सुरुवातीलाच बदलता येते असे धरू.

एवढ्यावर थांबायचे नाही. मेल्यावर लेव्हल तशीच्या तशी पुन्हा सुरू होते, भिंती आणि डबे जागच्या जागी. म्हणजे एकदा मोठ्या उजेडात मरून यायचे, नकाशा पाठ करायचा आणि दुसऱ्यांदा मंद कंदिलाने डोळे मिटून चालायचे, ही सर्वांत चांगली खेळी ठरते. उजेडाचा गेम गुपचूप पाठांतराचा गेम झाला, आणि कंटाळ्याचे मूळ तिथे आहे. आता समीक्षेत लिहिण्याजोगे असे काही हाती आले: ज्योत बदलण्यावरचे बंधन, डब्यातले तेल, आडवाटेची लांबी आणि लेव्हलचे स्थिर असणे हे चार आकडे किंवा नियम मिळून निर्णय नाहीसा करत आहेत. यांतले कोणते बदलायचे हे निर्मात्याने ठरवावे. कदाचित त्याला पाठांतराचाच गेम करायचा असेल. तसे असेल तर चूक तेलाच्या मोजणीत नसून सुरुवातीच्या वचनात आहे.

ही मोजदाद करायला गणिताची फार गरज नसते, पण बसून मोजण्याची सवय लागते. आवश्यक वाटल्यास ब्राउझरची डेव्हलपर टूल्स (पानामागचा कोड दाखवणारी सोय) उघडून कोडमधले आकडे पाहावेत. बहुतेक छोट्या गेममध्ये ते सापडतात. मात्र हे सर्वांत शेवटी करावे, नाहीतर आपण गेम न खेळता कोडच खेळायला लागतो.

उसना घेतलेला नियम असेल तिथेही हीच पद्धत उपयोगी पडते. ‘ही तर अमक्याची नक्कल आहे’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. गाब्रिएले चिरुल्ली यांनी मार्च २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारात ‘२०४८’ हा आकड्यांच्या फरशा जुळवण्याचा गेम केला, तो ज्या वंशातला आहे त्यातला ‘थ्रीज’ त्याच्या महिनाभर आधी आला होता आणि त्यावर सुमारे १४ महिने काम झाले होते. दोन्हींत ४ बाय ४ घरांची चौकट आणि सरकणाऱ्या फरशा आहेत. पण ‘थ्रीज’मध्ये एका खेळीत फरशी एकच घर सरकते आणि १ ला २ च लागतो, ‘२०४८’मध्ये फरशी भिंतीपर्यंत घरंगळते, सारख्यालाच सारखी चिकटते आणि नवी फरशी दहांपैकी नऊ वेळा २ चीच येते. त्यामुळे एक खूप विचार मागतो आणि दुसरा हात चालता ठेवतो. साम्याबद्दल बोलायचे असेल तर कोणता नियम घेतला, कोणता बदलला आणि त्या बदलाने खेळणे कसे पालटले इतके तरी सांगावे. नैतिक निवाडा त्यानंतर.

हाताला काय लागते

सुरुवातीच्या उडीकडे परत येऊ. नियंत्रण ‘जड’ किंवा ‘घसरडे’ वाटते तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. कळ दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत किती वेळ जातो; कळ थोडी लवकर किंवा थोडी उशिरा दाबली तर गेम माफ करतो का; आणि धडक जिथे मोजली जाते ती चौकट चित्राशी जुळते का. पहिली गोष्ट मोजायला फोनचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या (म्हणजे २४० स्थिर चित्रांच्या) चित्रणात बोट आणि पडदा दोन्ही येतील असा फोन धरावा. प्रत्येक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची असते, त्या मोजाव्यात. दुसरी गोष्ट तपासायला कड्याच्या टोकाशी वीसएक उड्या माराव्यात आणि त्यांतल्या किती वाया गेल्या ते टिपावे. ‘पिको-८’ या आभासी यंत्रावर चार दिवसांत घडवलेल्या ‘सेलेस्ट’ या उड्यांच्या गेमच्या मूळ छोट्या आवृत्तीचा कोड कोणालाही वाचता येतो. त्यात पात्राचा पाय जमिनीवरून सुटल्यावरही ६ फ्रेमपर्यंत उडी मान्य केली जाते. सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबाने ही सवलत एक पंचमांश सेकंदाची झाली. जमिनीला टेकण्याआधी दाबलेली कळसुद्धा ४ फ्रेम लक्षात ठेवली जाते. खेळाडूला यातले काहीच दिसत नाही, त्याला फक्त ‘उडी नीट लागते’ असे वाटते. समोरच्या गेममध्ये ही सवलत नसेल, तर ‘उडी नीट लागत नाही’ या वाक्याच्या जागी ‘कड्यावरून पाय सुटताच उडी नाकारली जाते, वीसपैकी सात उड्या अशा गेल्या’ असे लिहिता येते.

मेल्यावर पुन्हा खेळायला मिळेपर्यंतचा वेळही इथेच मोजावा. कठीण गेममध्ये हा वेळ अर्ध्या सेकंदाचा असला तर खेळाडू पन्नास वेळा मरतो आणि हसतो. चार सेकंदांचा असला तर दहाव्या मरणाला टॅब बंद होतो. वाढीचे गेम, म्हणजे साठा हळूहळू वाढवत नेण्याचे गेम, मात्र वेगळ्या तराजूवर तोलावेत. ‘कुकी क्लिकर’मध्ये दर खरेदीनंतर त्याच वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे आता याच वस्तूवर खर्च करावा की पुढच्या महाग वस्तूसाठी थांबावे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. अशा गेममध्ये प्रत्येक नवा निर्णय कोणत्या मिनिटाला आला त्याची नोंद ठेवावी. दोन नोंदींमध्ये वीस मिनिटांचे ओसाड अंतर दिसले की कुठे बोट ठेवायचे ते निराळे सांगावे लागत नाही.

ब्राउझरचे स्वतःचे कायदे

गेम ब्राउझरमध्ये आहे हा तपशील रचनेबाहेरचा नाही. स्पेसबार आणि बाणांच्या कळा दाबल्या की पान वरखाली सरकते. निर्मात्याने ते अडवले नसेल तर प्रत्येक उडीबरोबर गेमच पडद्यावरून निसटतो. विंडोजवर वाकण्यासाठी कंट्रोल आणि पुढे जाण्यासाठी डब्ल्यू अशी जोडी दिली, तर वाकून पुढे सरकणारा खेळाडू स्वतःच्या हाताने टॅब बंद करतो (हे वाचताना हसू येते, करताना येत नाही). हालचालीसाठी सहसा वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू, ए, एस, डी या कळा फ्रेंच कीबोर्डवर नेहमीच्या मांडणीत नसतात. काही कीबोर्डांना तीन विशिष्ट कळा एकदम दाबलेल्या कळतच नाहीत. खेळाडूने पानावर क्लिक केल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय आवाज सुरू होऊ न देण्याचे धोरण क्रोमने २०१८ मध्ये आणले, त्यामुळे पहिल्याच क्षणी वाजायला हवे असलेले संगीत अनेकदा वाजत नाही. ‘सुरू करा’ असे साधे बटण असेल तर हा प्रश्न आपोआप सुटतो. टॅब मागे गेला की ब्राउझर त्याचा वेग आवळतो, म्हणून परत आल्यावर गेम थांबलेला आहे, पुढे गेलेला आहे की खेळाडू मरून पडलेला आहे, हे मुद्दाम पाहावे. पान पुन्हा लोड केल्यावर प्रगती टिकते का तेही पाहावे. सफारी वापरात असूनही सात दिवस त्या संकेतस्थळाकडे फिरकले नाही, तर तिथे कोडने साठवलेली माहिती पुसली जाते, आणि आठवडाभराने परतणाऱ्याची पाटी कोरी होते.

इथे माझी एक फजिती सांगण्यासारखी आहे. एका उड्यांच्या गेमवर मी बरेच खरमरीत लिहिले होते: गुरुत्वाकर्षण अमानुष आहे, पात्र दगडासारखे कोसळते, दुसरी लेव्हल माणसाच्या आवाक्यातली नाही. निर्मात्याने अत्यंत सौम्यपणे माझ्या पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा, विचारला. तो १४४ होता. गेम प्रत्येक फ्रेमला ठरावीक अंतर पुढे सरकत होता आणि निर्मात्याच्या ६० च्या पडद्यावर सर्व काही सुरळीत होते; माझ्याकडे सगळे जग अडीच पटींच्या आसपास वेगाने धावत होते. दोष गेममध्ये होताच, पण मी दाखवला त्या ठिकाणी नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक समीक्षेच्या डोक्यावर ब्राउझर, यंत्र, रिफ्रेश रेट, कीबोर्ड की टचस्क्रीन आणि खेळल्याची तारीख या गोष्टी असतात. तारखेचे कारण असे की ब्राउझर गेम रातोरात बदलतो आणि जुनी आवृत्ती कुठेच उरत नाही. वाचणाऱ्याला तुम्ही वर्णिलेला दगड सापडला नाही तर तो हलवला गेला आहे की तुम्ही चुकलात, हे तारखेवरून कळते.

डोळ्यांच्या बाबतीत थोडक्यात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून पडदा करड्या रंगात टाकून गेम खेळता येतो का ते पाहावे. जॉश वॉर्डल यांच्या ‘वर्डल’ या शब्दकोड्यात अक्षराची सगळी माहिती रंगातच आहे, आणि म्हणूनच त्यात वेगळ्या, ठळक रंगसंगतीची सोय ठेवावी लागली. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारा पडदा काही खेळाडूंना अपायकारक ठरू शकतो. असे काही दिसले तर ते समीक्षेत सर्वांत वर, इतर सगळ्याआधी लिहावे.

लिहिताना

टिपणे वीस असतील, पण समीक्षा वीस मुद्द्यांची नसावी. ज्या एका मुळापासून अधिकात अधिक तक्रारी फुटतात ते मूळ आधी मांडावे आणि सुटे किरकोळ दोष शेवटी एका परिच्छेदात गोळा करावेत. प्रत्येक मुद्द्यात आधी काय घडले, मग त्यावरून मी काय अनुमान केले, आणि वाटल्यास मग सूचना, असा क्रम ठेवावा. सूचना सर्वांत कमी महत्त्वाची आहे, कारण समीक्षकाला गेम बाहेरून दिसतो आणि निर्मात्याला त्याच्या आतल्या तारा माहीत असतात. ‘शत्रू कमी करा’ ही सूचना अनेकदा चुकीची निघते, परंतु ‘चौथ्या खोलीत मी तीन शत्रूंकडे पाहत असताना चौथा पाठीमागून येतो आणि त्याच्या येण्याचा आवाज नाही’ हे निरीक्षण चुकीचे निघत नाही. निर्माता त्यावरून आवाज घालील, दार हलवील किंवा कॅमेरा मागे घेईल. आपल्या मनातला गेम त्याच्या हातून करवून घेण्याचा मोह अनुभवी समीक्षकांनाच जास्त होतो.

स्तुतीलाही हाच नियम लावावा. ‘वातावरण सुंदर आहे’ या वाक्याने निर्मात्याला बरे वाटते, उपयोग काहीच होत नाही. ‘दार उघडण्याआधी पावसाचा आवाज थांबतो आणि त्यामुळे मी कळेवरचे बोट उचलले’ असे सांगितले नाही, तर पुढच्या आवृत्तीत पावसाचा आवाज सलग करताना आपण काय मोडतो आहोत, हे त्याला कळणार नाही. चांगल्या भागाचे कारण सांगणे वाईट भागाचे कारण सांगण्याइतकेच कष्टाचे आहे, आणि बहुतेक समीक्षा तिथेच आळस करतात.

गेमबद्दल लिहावे, माणसाबद्दल लिहू नये. ‘निर्मात्याला संतुलन कळत नाही’ हे वाक्य खोडून ‘दुसऱ्या लेव्हलनंतर तलवार कधीच वापरावी लागली नाही’ असे लिहिले की सूर सुधारतो आणि माहितीही वाढते. छोट्या गेममागे पुष्कळदा एकच माणूस असतो आणि त्याने तो रात्री, बाकीची कामे उरकून केलेला असतो. त्याच्याशी गोड बोलायची गरज नाही, पण ज्या शब्दाने त्याच्या हाती काहीच पडत नाही तो शब्द लिहिण्यातही काही अर्थ नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारावी आणि त्या विशेषणाच्या जागी एखादी वेळ, आकडा किंवा प्रसंग बसतो का ते पाहावे. निम्म्या ठिकाणी बसतो.

निर्मात्याने बदल करून नवी आवृत्ती दिली, तर जुने टिपण उघडून त्याच जागा त्याच क्रमाने पुन्हा खेळाव्यात. बदलामुळे काय सुधारले हे आपण सांगू शकतो. मात्र नवी सुरुवात नवख्याला समजते का हे आपल्याला सांगता येणार नाही, कारण दार कुठे आहे ते आपल्याला ठाऊक झालेले आहे. त्यासाठी ज्याने हा गेम कधी पाहिलेला नाही असा कोणीतरी शोधावा, त्याला खुर्चीत बसवावे आणि पुन्हा एकदा त्याच्या मागे गप्प उभे राहावे.